धाकटी विमानानं आली

"घराला जिना आहे का?"

पलीकडून आलेला हा पहिलाच प्रश्न होता. नऊबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या दिवसांत त्यांनी कुत्र्याची पिल्लं विकणाऱ्या बऱ्याच जणांना फोन केले होते. प्रत्येकानं आधी किंमत सांगितली होती, मग पिल्लाच्या आजोबांनी जिंकलेली बक्षिसं. जिन्याचं कुणी विचारलं नव्हतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "खाली मिस्टरांचं सलून आहे, वर आम्ही राहतो. मधे जिना. चांगला उभा आहे."

"मग नाही जमायचं," पलीकडची बाई म्हणाली. "हे लांब पाठीचं, बुटक्या पायांचं कुत्रं. जिने चढून-उतरून त्याची पाठ कामातून जाते. मग मागचे पाय ओढत चालतं बिचारं. तुम्ही एखादं उंच पायांचं बघा."

दुसऱ्या कुणी तिथंच फोन ठेवला असता. नऊबाईंनी ठेवला नाही. माणूस न बघता नुसत्या आवाजावरून ओळखायची त्यांना आयुष्यभराची सवय, आणि हा आवाज त्यांना आवडला होता. नाही म्हणतानासुद्धा तो घाईत नव्हता.

"उचलून नेलं तर?" त्यांनी विचारलं.

"कोण उचलणार? तुमचा आवाज काही तरण्या बाईचा नाही."

"मी निवृत्त झालेय. पण मिस्टर धडधाकट आहेत."

"मग त्यांना द्या फोन."

नऊबाई कठडा धरून जिना उतरल्या. खाली त्यांचा नवरा मास्तरांची दाढी करत होता. मास्तर म्हणजे जवळच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. घरी दाढी करायला हात थरथरतो असं सांगून ते रोज सकाळी सलूनमध्ये येत; खरं म्हणजे गप्पा मारायला येत. त्या क्षणी त्यांच्या गालभर फेस होता आणि गळ्याशी वस्तरा.

"अहो, फोन."

"कुणाचा?"

"पिल्लंवाल्या बाईंचा. त्यांना तुमच्याशीच बोलायचंय."

नवऱ्यानं आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं. या कुत्र्याच्या प्रकरणाला त्याचा पहिल्यापासून विरोध होता. "दिवसभर खाली केस झाडतो. वर येऊन पण केसच झाडू का?" हे त्याचं म्हणणं मास्तरांनाच काय, अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं. पण दोन्ही हात गुंतलेले, आणि बायकोनं फोन सरळ कानालाच लावलेला. बोलणं भाग होतं.

"हां, बोला... नाही, कंबर नाही दुखत... अहो, दिवसभर उभाच असतो, सवय आहे... किती भरेल मोठं झाल्यावर?... एवढंच? मग काय... हो, वर पण आणि खाली पण... रोज... सणवार कसले त्यात, रोज म्हणजे रोज... बरं. शब्द देतो."

अंगावरच्या कापडाखाली मास्तरांचं पोट हसून हलायला लागलं, तसा त्याला वस्तरा वर उचलावा लागला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. दुसरं लग्न लागलं माझं," तो म्हणाला आणि पुन्हा दाढीला लागला.

नऊबाईंचं खरं नाव पगाराच्या कागदावरच राहिलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, एक्स-रेच्या खोलीला लागून, टेलिफोनची खोली होती. त्यांची सगळी नोकरी त्या खोलीत गेली. कुठल्याही वॉर्डातून नऊ फिरवला की पलीकडे त्या असायच्या, म्हणून मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या बायकांपर्यंत सगळे त्यांना नऊबाई म्हणत. पुढे ते नाव त्यांच्या मागोमाग गल्लीतही आलं. "थांबा, जोडून देते," "लाइन लागलेली आहे," "हं, बोला," एवढंच त्यांचं दिवसाचं बोलणं. "बोला" म्हटलं की त्या बाजूला व्हायच्या आणि पुढचं इतर लोक बोलायचे. त्या खोलीला छताजवळ एक आडवी खिडकी होती. तिच्यातून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. त्या पायांमधून रोज सकाळी एक बुटकं, लांबुडकं, तपकिरी कुत्रं तुरुतुरु जायचं. त्या खिडकीतून नाकापासून शेपटीपर्यंत सबंध दिसणारं तेवढं एकच कुणीतरी होतं. नऊबाई त्याची वाट बघायच्या. ते कुणाचं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांनी घर लख्ख केलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. नवरा दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून संध्याकाळी रिकामा होऊन वर यायचा, जेवायचा आणि बातम्या लावायचा. लेक लांबच्या गावी नोकरीला. तिचा फोन रविवारी यायचा, "आई, बरी आहेस ना?" नऊबाई म्हणायच्या, "बरी आहे." मग लेक म्हणायची, "ठेवते."

एके दुपारी दारावरची घंटा वाजली. वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला होता. नऊबाईंनी दार उघडून "या" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. सकाळपासून त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. घसा खाकरून पुन्हा प्रयत्न करावा लागला. तो माणूस मीटर बघून गेला आणि नऊबाई बराच वेळ स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बसताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मला कुत्रं हवंय. बुटकं असतं ना, तसं."

पिल्लू अजून फार लहान होतं. आईपासून तोडण्याजोगं आणि विमानात बसवण्याजोगं व्हायला वेळ होता. तोवर दोन्ही घरांत रोज संध्याकाळी फोन सुरू झाला. नऊबाई पलीकडच्या बाईंना ताई म्हणू लागल्या. ताई यांना नुसतं "बाई" म्हणत.

ताई राहायच्या पार दुसऱ्या टोकाला, रेल्वेनं जायचं तर अंग मोडून निघेल इतक्या लांब, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचा रस्ता जिथं संपतो तिथलं शेवटचं घर त्यांचं. कुत्र्यांचा नाद खरा त्यांच्या नवऱ्याचा.

"ते गेले आणि कुत्री माझ्या गळ्यात पडली," ताईंनी एकदा सांगितलं. "आधी वाटलं, देऊन टाकावीत सगळी. मग विचार केला, सकाळी उठायला कुणीतरी लागतंच की. म्हणून ठेवली. आता गुडघे साथ देत नाहीत. पिल्लांची आई पण थकली. तेव्हा ही शेवटचीच खेप. बाकीची आसपासच्या घरांत द्यायची ठरलीत. ही एकटी राहिलीय, सगळ्यात शेवटी झालेली. धाकटी."

"नाव काय ठेवलंत?"

"तेच. धाकटी. तुम्ही बदला हवं तर."

नवऱ्यानं ते बातम्या बघता बघता ऐकलं. "धाकटी? मग थोरली कोण?"

"मी," नऊबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरून सलूनचं जुनं अर्धं झुलतं दार काढलं, करवतीनं कापून जिन्याच्या तोंडाशी बसवलं, आणि बसवताना सबंध वेळ कुरकुर केली. कुरकुर करतच त्यानं त्याच्या कडा पॉलिश पेपरनं घासल्या, पिल्लाच्या नाकाला कुसळ टोचू नये म्हणून.

संध्याकाळच्या फोनवर कधीकधी ताई रिसिव्हर पिल्लाच्या टोपलीजवळ ठेवायच्या. मग नऊबाईंना दूध पिताना होणारा चुळूचुळू आवाज यायचा, मधेच एक बारीकशी गुरगुर, मग ताईंचा आवाज, "ये गं ये, ये धाकटे," आणि फरशीवर नखं वाजायची. हळूहळू बोलणं कुत्र्यावरून इकडंतिकडं जायला लागलं. ताईंच्या छपराला लागलेली गळती, नऊबाईंच्या लेकीचा रविवारचा फोन.

"तुम्ही काय सांगता तिला?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. ती विचारते, बरी आहेस ना. मी बरी आहे म्हणते."

"मग ती तरी पुढे काय बोलणार, बाई."

नऊबाईंना हे कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी लेकीला छपराच्या गळतीची गोष्ट सांगितली, आणि लेकीनं ती सगळी ऐकून घेतली. शेवटी विचारलं, "पण आई, ही ताई कोण?"

पिल्लू निघायच्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. मागे गाड्यांचा गलका होता.

"दिली," त्या म्हणाल्या. "मधे एकदा विमान बदलायचंय. पेटीत माझी जुनी शाल घातलीय. मळकी आहे, पण लगेच धुऊ नका."

"रडली का हो?"

"ती नाही," ताई म्हणाल्या.

नवऱ्यानं सलूनच्या दाराला "आज बंद" अशी पाटी लावली. मास्तरांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, तरी ते येऊन पाटी वाचून गेले. दुपारी दोघं विमानतळाच्या मागच्या बाजूला, जिथं माल उतरतो त्या पत्र्याच्या भल्यामोठ्या शेडमध्ये जाऊन बसले. विमान वेळेवर आलं. एकामागून एक गाडे आत आले. टीव्हीची खोकी, फुलांचे करंडे, कुठल्याशा कारखान्याची लाकडी चौकटीत बांधलेली मोटार. सगळ्यांची माणसं आली आणि आपापलं घेऊन गेली. शेड रिकामी झाली, तरी पिल्लू आलं नाही.

काचेमागचा कारकून तरुण होता, स्वभावानं बरा. त्यानं संगणकात बघितलं, पुन्हा बघितलं. "पहिल्या विमानाला उशीर झाला. मग दुसरं थांबलं नाही, निघून आलं. तुमचं पिल्लू मधल्या विमानतळावर आहे. संध्याकाळच्या विमानात बसवतील."

"बसवतील म्हणजे? बसवलं नाही अजून?" नवरा काचेला चिकटला. "ते काय पार्सल आहे का, राहिलं तर राहिलं?"

"काका, या खिडकीवर सगळं पार्सलच असतं," कारकून म्हणाला. "पण मला कळतंय. माझ्या घरी मांजर आहे."

नऊबाईंनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला. "तिथं फोन असेल ना?" त्यांनी विचारलं. "जरा जोडून द्याल?"

हे वाक्य त्यांना रोज शेकडो लोक म्हणत आले होते. स्वतःच्या तोंडून ते म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि म्हणताना त्यांच्या लक्षात आलं की माणूस हे किती लाचार होऊन म्हणतो. कारकुनानं बराच वेळ नंबर फिरवले. शेवटी कुणीतरी उचललं आणि त्यानं रिसिव्हर काचेखालच्या फटीतून बाहेर दिला.

"मी पिल्लाच्या घरून बोलतेय," नऊबाई म्हणाल्या.

पलीकडचा माणूस आधी "हो हो, आहे इथंच" एवढंच म्हणाला. नऊबाईंनी विनंती केली, तसा तो बघायला गेला. चालण्याचा आवाज आला, एक शटर वर गेलं, मग तो धापा टाकत म्हणाला, "पाणी प्यायलीय. कोपऱ्यात बसलीय. डोळे उघडे आहेत."

"तिच्याशी जरा बोलता का?"

"मी? काय बोलू?"

"काहीही बोला. घरी लेकराशी बोलता तसं."

मग तो दबक्या आवाजात, जवळपास कुणी ऐकत नाही ना असं बघत असल्यासारखा, म्हणाला, "काय गं? काय झालं? कोण रागावलं तुला? आं? जायचंय ना घरी? जायचं, जायचं."

नऊबाईंनी डोळे मिटून ते ऐकलं. रिसिव्हर परत घेताना कारकुनानं विचारलं, "तुम्ही रेडिओवर होता का, काकू?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तळघरात होते."

मग त्यांनी ताईंना फोन करून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

"खरं सांगताय ना, बाई?" ताईंनी विचारलं. "मला बरं वाटावं म्हणून नाही ना?"

"खोटं बोलले तर माझा आवाज बदलतो. तुम्हाला कळलं असतं."

"हो," ताई म्हणाल्या. "कळलं असतं."

संध्याकाळपर्यंत शेडबाहेरच्या बाकावर बसून राहण्याशिवाय काही करता येण्यासारखं नव्हतं. नवरा जाऊन सँडविच घेऊन आला. एका कागदावर ठेवून दोघांनी खाल्लं. विमानं डोक्यावरून जात होती आणि प्रत्येक विमानाकडे तो मान वर करून बघत होता, जणू त्यातल्या खिडकीतून कुणी हात हलवणार होतं.

"असं दोघंच आपण शेवटचं कधी बसलो होतो गं बाहेर?" त्यानं विचारलं.

"आठवत नाही."

"मला पण नाही आठवत." त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "कुत्र्यामुळे का होईना."

अंधार पडता पडता पेटी आली. जाळीला नाक लावलं तर आत शालीचा एक गोळा, आणि त्या गोळ्यातून बाहेर आलेलं, लाकडी बटणाएवढं काळं नाक. नवऱ्यानं सही केली आणि पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. टॅक्सीवाला "मागे डिकीत ठेवू?" म्हणाला, त्यावर त्यानं असं काही बघितलं की टॅक्सीवाला घर येईपर्यंत पुन्हा बोलला नाही. घरी आल्यावर जिना तोच चढला, पेटी घेऊन, एकेक पायरी, दिलेल्या शब्दाप्रमाणे.

धाकटी काही खाईना. पहिल्या दिवशी नऊबाईंनी मनावर घेतलं नाही. प्रवासाचा शीण असेल. दुसऱ्या दिवशीही तिनं बशीचा वास घेतला आणि शालीवर जाऊन पडली. रडत नव्हती, कुणाला घाबरत नव्हती, उचललं तर उचलून घ्यायची. पण उचलल्यावरही ती आपल्याजवळ नसायची. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तब्येतीत काही खोट नाही, घर बदललंय, वेळ द्या. नवऱ्यानं कुत्र्याच्या खाण्याचे कोरडे दाणे पाण्यात भिजवून बघितले, कोमट करून बघितले, स्वतःच्या बोटावर घेऊन तिच्या नाकाशी धरले. तिनं बोट चाटलं. दाणे तसेच राहिले.

संध्याकाळी नऊबाईंनी ताईंना फोन लावला आणि सांगितलं.

"स्पीकर करा," ताई म्हणाल्या. "आणि फोन बशीजवळ ठेवा."

फरशीवर ठेवलेल्या फोनमधून ताईंचा आवाज आला, "ये गं ये, ये धाकटे. खा बाळ. खाऊन घे."

धाकटी उडालीच. शालीत पाय अडकून एकदा पडली, उठली, आणि बुटक्या पायांनी घसरत फोनपाशी आली. फोनला नाक लावलं, त्याच्या मागं बघितलं, कोपऱ्यात बघितलं, पुन्हा फोनपाशी आली. शेपटी अशी हलत होती की मागचं अर्धं अंग तिच्याबरोबर हलत होतं. ताई बोलत राहिल्या आणि बोलणं ऐकता ऐकता धाकटीनं बशी चाटूनपुसून रिकामी केली.

"खाल्लं," नऊबाई म्हणाल्या. त्यांच्या जिवात जीव आला होता.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या वेळी फोन लागायला लागला. धाकटी खायची, ताई बोलायच्या. आधी तिच्याशी, मग नऊबाईंशी. हे सगळ्यांनाच मानवलं. धाकटीचं पोट गोल झालं. नवरा तिला खाली सलूनमध्ये घेऊन जायला लागला. मास्तर तिला मांडीवर घेऊन बसायला लागले आणि दाढी करून घ्यायला विसरायला लागले. नऊबाईंना तर दिवसाला दोन फोन म्हणजे चैनच वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची स्वतःची लाइन कायम लागलेली असायची.

फोन ठेवल्यावर काय होतं ते मात्र त्यांनी ताईंना सांगितलं नव्हतं. ते आधी नवऱ्याच्या लक्षात आलं.

"ती रोज दाराशी जाऊन बसते," एके दिवशी जेवताना तो म्हणाला. "तुमचं बोलणं झालं की उठते आणि त्या अर्ध्या दाराशी जिन्याकडे तोंड करून बसते. तासतासभर. तिला वाटतं त्या बाई जिना चढून वर येताहेत."

"हळूहळू सवय होईल."

"कसली सवय? रोज दोनदा बोलावताय तिला." तो रागावून बोलत नव्हता. नंतर धाकटीला दारापाशी जाऊन उचलून आणायला तोच उठला.

नऊबाईंच्या मनातून ते जाईना. तरी दोन-चार दिवस त्यांनी फोन लावलाच. मग एका संध्याकाळी ताईंनीच विचारलं, "बाई, मी फोन ठेवल्यावर ती काय करते हो?"

नऊबाईंनी धाकटीकडे बघितलं. ती बशी चाटत होती.

"दाराशी जाऊन बसते," त्या म्हणाल्या. "वाट बघते."

पलीकडे शांतता पसरली. नऊबाईंना फोनवरच्या सगळ्या तऱ्हेच्या शांतता माहीत होत्या. लाइन तुटल्यावरची वेगळी, माणूस रडतो तेव्हाची वेगळी, वाईट बातमी ऐकल्यावरची वेगळी. ही माणूस काहीतरी ठरवत असतानाची होती.

"मग आता पुरे," ताई म्हणाल्या. "उद्यापासून नका लावू फोन. मी पण नाही लावणार."

"आणि खाल्लं नाही तर?"

"खाईल. एक दिवस नाही खाणार, दुसऱ्या दिवशी खाईल. तुमच्या आवाजावर खायला शिकू दे तिला. मी इथं बसून हाका मारत राहिले तर ती बिचारी दोन्हीकडची राहणार नाही."

"तिच्यासमोर नको, मी खाली जाऊन बोलेन. आपण दोघीच."

"तुम्ही बोलून वर गेलात की तुमच्या तोंडावरून तिला कळेल. यांना सगळं कळतं." ताई म्हणाल्या. "थोडे दिवस, बाई. मला विसरली की मग आपण भरपूर बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं खाल्लं नाही. संध्याकाळी फोनच्या वेळेला ती स्वतःच फोनपाशी जाऊन बसली, मग दाराशी गेली. नऊबाईंनी बशी घेतली आणि तिच्यापासून थोडं लांब, भिंतीला पाठ लावून फरशीवर बसकण मारली. बोलायला हवं होतं, पण काय बोलायचं ते सुचेना. "ये, ये" म्हणून बघितलं, तर ते ताईंच्या आवाजाची नक्कल केल्यासारखं वाटलं आणि धाकटीनं कान टवकारून जिन्याकडेच बघितलं. तो शब्द त्यांनी सोडून दिला.

"आज नं," त्यांनी सुरुवात केली, "आज मी भाजी करपवली."

धाकटीचा एक कान हलला.

मग त्यांनी भाजी कशी करपली ते सांगितलं. मीटरवाला आला तेव्हा आवाज कसा फुटला नव्हता ते सांगितलं. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तळघरातली खोली सांगितली, आडवी खिडकी, पायांमधून जाणारं तपकिरी कुत्रं. एका वॉर्डातला म्हातारा काहीही काम नसताना रोज नऊ फिरवून "किती वाजले?" विचारायचा, त्याची गोष्ट सांगितली. घड्याळ त्याच्या समोरच्याच भिंतीवर होतं. त्यांचा ऑपरेटरचा आवाज नव्हता हा. तो नीटनेटका, सरळ, कुठंही न अडखळणारा असायचा. हा अडखळत होता, मधेच हसत होता, मागं जाऊन पुन्हा सांगत होता.

नवरा सलून बंद करून वर येत होता. जिन्यावर त्याला बायकोचा आवाज ऐकू आला आणि वाटलं, कुणी पाहुणे आलेत. मग ती काय बोलतेय ते ऐकायला तो थांबला. मीटरवाल्याची गोष्ट ऐकली, तेव्हा तो पायरीवर बसला. आपण वर गेलो तर बोलणं थांबेल हे त्याला माहीत होतं. चपला हातात घेऊन तो तसाच अंधारात बसून राहिला.

बऱ्याच वेळानं धाकटी उठली. दाराकडे एकदा बघितलं. मग तुरुतुरु आली, नऊबाईंच्या पायाचा वास घेतला आणि बशीत तोंड घातलं. सगळं नाही खाल्लं. थोडंसं खाल्लं आणि त्यांच्या मांडीला पाठ लावून पडली. नऊबाईंनी बोलणं थांबवलं नाही.

पुढचे महिने कसे गेले कळलं नाही. धाकटी लांब झाली, उंच मात्र झाली नाही. रोज सकाळी ती नवऱ्याच्या काखेत बसून खाली जायची आणि रोज संध्याकाळी तशीच वर यायची. जिन्याला तिचा पाय लागला नाही. सलूनमध्ये तिची जागा बाकाखाली. गिऱ्हाइकाच्या पायाशी जाऊन झोपली तर नवरा म्हणायचा, "आता हलू नका, साहेब, ती उठेल," आणि गिऱ्हाईक मुकाट बसून राहायचं. केस तो झाडायचाच, आता खालचेही आणि वरचेही. कुरकुर थोडी कमी झाली होती. वर आल्यावर तो बातम्या लावायच्या आधी "आज काय काय झालं गं?" असं विचारायचा, आणि नऊबाई सांगायच्या. लेकीचा रविवारचा फोन लांबत लांबत जेवणाच्या वेळेपर्यंत जायला लागला.

एका संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"मीच लावला," त्या म्हणाल्या. "बरीय ना?"

"मजेत आहे. फुगलीय चांगली."

"जास्त नका चारू. पाठीवर भार येतो." मग त्यांनी विचारलं, "ऐकवाल?"

नऊबाईंना कशाबद्दल ते कळलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो खुर्चीत बसला होता, धाकटी त्याच्या पावलांवर आडवी पसरली होती. त्यानं मान हलवली. नऊबाईंनी स्पीकर लावून फोन फरशीवर ठेवला.

"ये गं ये," फोनमधून आवाज आला. "ये धाकटे."

धाकटीनं मान वर केली. कान पुढे आले. ती क्षणभर फोनकडे बघत राहिली, मग नऊबाईंच्या तोंडाकडे बघितलं, काही हवंय का असं विचारल्यासारखं. धाकटीनं एक लांब जांभई दिली आणि नवऱ्याच्या पावलावर हनुवटी टेकून पुन्हा डोळे मिटले.

नऊबाईंनी फोन उचलून कानाला लावला.

"काय केलं?" ताईंनी विचारलं.

खरं सांगायला एक क्षण लागला. "मान वर केली," नऊबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे बघितलं. मग परत झोपली."

"उठली नाही?"

"नाही."

"दाराकडे गेली?"

"नाही, ताई."

पलीकडे कुणीतरी नाक ओढल्यासारखा बारीक आवाज आला. नंतर ताई म्हणाल्या, "छान झालं, बाई. फार छान केलंत."

मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, तिच्यात बसताना गुडघ्यांनी काढायला लावलेला "आई गं" आला, आणि ताई सावकाश, आता कुठं जायची घाई नसल्यासारख्या, छपराचं शेवटी काय झालं ते सांगायला लागल्या.